स्क्रू बसले म्हणजे हाड जुळलं असं नव्हे

मणके एकमेकांना जोडण्याच्या ऑपरेशनवरच्या (स्पायनल फ्यूजन) एका लेखात म्हटलंय, 'स्क्रू-रॉड बसवले की मणका लगेच पक्का होतो'. हे वाक्य पेशंटला गोत्यात आणेल. रॉड फक्त आधार देतो. हाड जुळायला साधारण 3 ते 6 महिने लागतात. तोवर कमरेतून वाकणं, वजन उचलणं नको. हाडं ठिसूळ असतील तर स्क्रू सैल होतात, म्हणून ठिसूळपणावरचे उपचारही हवेतच. तंबाखू, सिगारेट पूर्ण बंद. निकोटीनमुळे हाड जुळायला अडथळा येतो.

ऑपरेशननंतर अंथरुणातून उठायचं कसं, हे तर लेखात आलंच नाही. गुडघे वाकवा, खांदे आणि कंबर एकदमच वळवून कुशीवर या, पाय खाली सोडा, मग हातांनी रेटा देत बसा. आणि लघवी अडली किंवा बसण्याच्या जागी बधिरपणा आला तर सकाळची वाट पाहू नका, तडक हॉस्पिटल गाठा.