लिंबाच्या कुंडीत अंड्याची टरफलं कशाला?

पंधरवड्यात तीन ग्रुपांवर एकच मेसेज फिरून आला: "बाजारच्या लिंबाची बी कुंडीत लावा, अंड्याची टरफलं घाला, रोज पाणी द्या, सहा महिन्यांत घरचं लिंबू!" परभणीच्या मावशीनंही पाठवला, खाली "करून बघ रे."

बी लावण्यात वावगं काही नाही. कागदी लिंबाच्या एका बीतून कधी दोन-तीन कोंब फुटतात आणि त्यातले बरेचसे आईवरच जातात. बी ओलीच लावायची, वाळली की उगवण गेली. पण सहा महिन्यांत फळ? तेवढ्यात रोप फार तर वीतभर होतं. बीच्या झाडाला फळ धरायला चार-पाच वर्षं लागतात. घाई असेल तर कलम किंवा गुटी (झाडावरच फांदीला मुळं फोडून केलेलं रोप) आणावी. घोसानं फळ धरणारे 'विक्रम' आणि 'प्रमालिनी' हे वाण तर परभणीच्याच कृषी विद्यापीठाचे. मावशी, तुझ्या घरापासून रिक्षानं जाण्याइतकं अंतर!

आता टरफलं. त्यांची गरज नाही हे पटवायला मी रानातून चुनखडीचा एक पांढरा खडा आणला आणि त्यावर अर्धं लिंबू पिळलं. फस्स करून फेस आला. अंड्याचं टरफल म्हणजे हाच माल. आपल्या काळ्या मातीत चुनखडी मुळातच भरपूर, सामू (पीएच) आठच्या आसपास, म्हणजे अल्कधर्मी, त्यात बोअरचं पाणी जड. अशा मातीत लोह असून झाडाला मिळत नाही. मग कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ते बघून लोक "कॅल्शियम कमी पडलं" म्हणत आणखी टरफलं टाकतात. एका शेजाऱ्यानं तर पानाचा चुना कालवून ओतला! टरफलं निदान लवकर विरघळत नाहीत, म्हणून फारसं बिघडत नाही एवढंच. त्यापेक्षा लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस (लोह देणारं फेरस सल्फेट), त्यात थोडा लिंबाचा रस, आणि फवारणी पानांवर, ऊन उतरल्यावर. कुंडीत निम्मं तरी कुजलेलं शेणखत आणि वाळू हवी.

रोज पाणी? भर उन्हाळ्यात ठीक. एरवी दोन पेरं बोट खुपसून बघा, ओल लागली तर राहू द्या. काळी माती पाणी धरून ठेवते, मुळं कुजतात.

मेसेजात अळीचं मात्र नावच नाही. कोवळ्या पानावर पाखराची विष्ठा दिसली तर मावशी, आधी काडीनं डिवचून बघ. लाल शिंगं बाहेर काढून उग्र वास सोडला तर ती लिंबाच्या फुलपाखराची अळी. दोन दिवसांत फांदी बोडकी करते.