हॅलोविनच्या खाऊत विष? खुलासा

‘अमेरिकेत हॅलोविनला अनोळखी लोक मुलांच्या चॉकलेटांत विष आणि ब्लेड घालतात’ असा मेसेज दरवर्षी फिरतो. हॅलोविन म्हणजे ३१ ऑक्टोबरचा सण; त्या संध्याकाळी मुले पिशवी घेऊन दारोदार खाऊ मागत फिरतात. डेलावेअर विद्यापीठाचे समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट यांनी १९५८पासूनच्या बातम्या तपासल्या. अनोळखी माणसाने दारी आलेल्या मुलांना वाटलेल्या विषारी खाऊने मूल दगावल्याची एकही सिद्ध घटना त्यांना सापडली नाही. १९७४ साली टेक्सासमध्ये सायनाइडने एक मुलगा गेला, हे खरे. पण ते विष त्याच्या बापानेच, रोनाल्ड ओब्रायनने, विम्याच्या पैशांसाठी दिले होते. १९८४मध्ये त्याला मृत्युदंड दिला गेला. ऐकूनच जीव कळवळतो, पण त्यात शेजाऱ्यांचा काय दोष?

तरीही पिशवी जरूर तपासा. फाटलेली, उघडलेली पाकिटे टाकून द्या. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलाच्या पिशवीतले प्रत्येक लेबल वाचा. छोट्या पाकिटांवर घटक छापलेले नसतील तर ते देऊच नका. चार वर्षांखालच्या मुलांना कडक गोळ्या नकोत, घशात अडकतात. गांजायुक्त गमीज (चघळायच्या मऊ गोळ्या) हुबेहूब साध्या गोळ्यांसारख्या दिसतात, तेव्हा अनोळखी वेष्टन बाजूला काढा. आणि मला सर्वांत जास्त काळजी रस्त्याची वाटते: त्या संध्याकाळी गाडीखाली येणाऱ्या मुलांचे प्रमाण खरोखरच वाढते. अंधारात लहानग्यांचा हात सोडू नका.