तांबड्या पेनाने खोडलेले वाक्य

आज सकाळी भाचीने तिचा एसओपी, म्हणजे परदेशी विद्यापीठात प्रवेशासाठी आपला हेतू सांगणारे पत्र, वाचायला पाठवला. तो वाचून आलेला संताप संध्याकाळपर्यंत उतरलेला नाही, म्हणून हे लिहीत आहे. राग तिच्यावर नाही, हे आधीच स्पष्ट करतो.

तिला नेदरलँड्समधील डेल्फ्टच्या तंत्रविद्यापीठात स्थापत्य अभियांत्रिकीचे पदव्युत्तर शिक्षण घ्यायचे आहे, आणि त्यातही किनाऱ्यांचा अभ्यास करायचा आहे. तिच्या पत्रात असे होते की हे विद्यापीठ जागतिक दर्जाचे आहे, वातावरण वैविध्यपूर्ण आहे, प्राध्यापक नामवंत आहेत, प्रयोगशाळा अत्याधुनिक आहेत आणि तेथे शिकणे हे तिचे लहानपणापासूनचे स्वप्न आहे. मी त्या पत्रातील ‘डेल्फ्ट’ हा शब्द काढून ‘झुरिक’ घातला. काही बिघडले नाही. मग ‘सिंगापूर’ घातले, तरीही पत्राला धक्का लागला नाही. जे पत्र कोणत्याही विद्यापीठाला चालते, ते एका विशिष्ट विद्यापीठाच्या ओढीने लिहिलेले आहे असे कोणी का मानावे?

तिला फोन केला आणि एवढेच विचारले, “डेल्फ्टच का ग?” पत्र विसरून ती जवळजवळ अर्धा तास बोलत राहिली. “मामा, त्यांनी २०११ साली हेगजवळच्या किनाऱ्यावर एकाच जागी दोन कोटी पंधरा लाख घनमीटर वाळू ओतून ठेवली आणि मग तिला हात लावला नाही. वारा, लाटा आणि प्रवाह ती वाळू हळूहळू पसरवतील आणि किनारा आपोआप भरून निघेल, असा विचार. मला बघायचंय ती वाळू कुठे कुठे जाते. आणि डेल्फ्टहून तिथे सायकलने जाता येतं.” दर काही वर्षांनी थोडी थोडी वाळू टाकत बसण्याऐवजी निसर्गालाच कामाला लावण्याची ही कल्पना, ज्याला वाळूची मोटर म्हणतात, तिने मला इतक्या आनंदाने समजावून सांगितली की मी मधे बोललोच नाही. शेवटी विचारले, “मग हे पत्रात कुठे आहे?” ती म्हणाली, “होतं ना मामा. कन्सल्टन्सीतले सर म्हणाले, बालिश वाटतं, काढून टाक.”

हे ऐकले आणि अठरा वर्षांपूर्वीची एक दुपार जशीच्या तशी समोर उभी राहिली. अशाच एका कार्यालयात मी माझे पत्र घेऊन बसलो होतो, टेबलाच्या पलीकडे असेच एक सल्लागार होते, आणि त्यांनी तांबड्या पेनाने माझ्या पत्रातील एक वाक्य खोडले होते. मलाही डेल्फ्टलाच जायचे होते. वाक्य असे होते: ‘ज्या प्रश्नासाठी लॉरेन्ट्झ यांनी आठ वर्षे आकडेमोड केली, तो प्रश्न जेथे पुढे शिकवला गेला, तेथे मला शिकायचे आहे.’ सल्लागार म्हणाले, “याचा तुमच्याशी काय संबंध?”

संबंध काय होता, ते आज सविस्तर सांगतो, कारण त्या दिवशी मला सांगू दिले गेले नाही. १९१६ च्या पुरानंतर डच सरकारने झायडरझी हा समुद्राचा आत घुसलेला भाग बांध घालून बंद करायचे ठरवले आणि १९१८ साली तसा कायदा झाला. पण बांध घातल्यावर बाहेर अडलेले पाणी वादळात किती चढेल, हे कोणालाच नक्की सांगता येत नव्हते. ते शोधण्यासाठी समिती नेमली आणि तिचे अध्यक्षपद हेंड्रिक लॉरेन्ट्झ यांना दिले. १९०२ साली भौतिकशास्त्राचे नोबेल मिळालेला, पासष्टीला आलेला हा माणूस. प्रकाश आणि इलेक्ट्रॉन यांच्या सिद्धांतात आयुष्य घालवलेल्या या शास्त्रज्ञाने भरतीच्या पाण्याचे गणित हातात घेतले आणि १९२६ साली अहवाल पूर्ण होईपर्यंत सोडले नाही. अडचण घर्षणाची होती. तळाशी पाण्याला होणारा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि तेव्हा संगणक नसल्यामुळे ते समीकरण सोडवणे हाताबाहेरचे होते. लॉरेन्ट्झ यांनी त्या जागी वेगाच्या सरळ प्रमाणातील विरोध घेतला, मात्र तो असा निवडला की भरती-ओहोटीच्या एका चक्रात जितकी ऊर्जा मूळ घर्षणाने खर्च व्हावी, तितकीच यानेही व्हावी. एवढ्या एका युक्तीने गणित हाताने सुटण्याजोगे झाले. बत्तीस किलोमीटरचा तो बांध १९३२ साली पुरा झाला आणि पाणी त्यांच्या अंदाजाच्या जवळपासच चढले. ते पाहायला लॉरेन्ट्झ नव्हते. १९२८ सालीच ते गेले होते.

वीस-एकवीस वर्षांच्या मुलाला हे वाचून रात्री झोप लागू नये, यात बालिश काय आहे?

लॉरेन्ट्झ डेल्फ्टचे नव्हते, लायडनचे होते, हे मला ठाऊक आहे, आणि सल्लागारांनी तेवढे जरी विचारले असते तरी मला आनंदच झाला असता. त्या समितीत टाइसे नावाचा एक तरुण अभियंता काम करत होता. समितीचे काम संपल्यावर, १९२७ साली, डेल्फ्टमध्ये जलप्रवाहांची प्रयोगशाळा निघाली आणि ती त्याने चालवली. पुढे तो तेथे प्राध्यापकही झाला. म्हणजे लॉरेन्ट्झ यांच्या कागदावरचे गणित ज्या गावात वर्गात आणि पाण्याच्या कुंडात उतरले, ते गाव डेल्फ्ट होते. दुसऱ्या कोणत्याही गावाचे नाव त्या वाक्यात बसले नसते.

तरीही मी ते खोडू दिले. हे कबूल करताना आजही जड जाते. मी वाद घातला नाही, मान हलवली, आणि विद्यापीठाच्या जागतिक रँकिंगचा परिच्छेद त्यांनी सांगितला तसा लिहून दिला.

माझे मित्र आता म्हणतील की प्रवेश तर मिळालाच ना. हो, मिळाला. रँकिंगला अर्थच नाही असेही मी म्हणत नाही. शैक्षणिक कर्ज देणारे तेच विचारतात आणि घरच्यांना धीर देण्यासाठी ते उपयोगी पडते. शिक्षण इंग्रजीतून असणे, पदवीनंतर नोकरी शोधायला वर्षभर राहता येणे, हीदेखील खरी कारणे आहेत, आणि ज्याचे तेच कारण असेल त्याने ते सरळ लिहावे, त्यात लाजण्यासारखे काही नाही. पण विद्यापीठ स्वतः स्पष्ट विचारते की तुम्हाला येथेच का यायचे आहे, आणि आपण त्याला त्याच्याच माहितीपत्रकातील विशेषणे परत पाठवतो. आपल्याला जगभरातून किती वाखाणले जाते, हे त्यांना आपल्याकडून कळायला हवे आहे का? त्यांना कळून घ्यायचे आहे ते आपल्याबद्दल.

परक्या देशात शिकायला गेलेल्या मुलाला पहिला हिवाळा काय असतो, हे पत्रांचे नमुने वाटणाऱ्यांनी कधी अनुभवले आहे का? साडेचारला अंधार पडतो, भाषा कानावरून जाते, सगळे आपल्यापेक्षा हुशार वाटतात. त्या डिसेंबरात मी पहिल्याच मोठ्या परीक्षेत नापास झालो होतो. परत जावे असे वाटत होते, आणि रँकिंगमधला कोणताही आकडा मला थांबवायला पुढे आला नाही. एका रविवारी मी उठून त्या बांधावर गेलो. एका बाजूला खारा वाडेन समुद्र, दुसऱ्या बाजूला पूर्वीच्या झायडरझीचे गोड्या पाण्याचे सरोवर झालेले, आणि मधे हा सरळ रस्ता. वारा इतका होता की उभे राहणे कठीण होते. तेथे मला ते खोडलेले वाक्य आठवले, आणि सल्लागारांच्या प्रश्नाचे उत्तरही तेथेच सुचले. माझा संबंध होता. मी तेवढ्यासाठीच एवढ्या लांब आलो होतो. फेब्रुवारीत तीच परीक्षा पुन्हा दिली.

दोन वर्षांनी प्रबंध लिहिला, तेव्हा प्रस्तावनेच्या सुरुवातीला ते वाक्य घातले. विद्यापीठाच्या दप्तरात माझ्या नावावर दुसऱ्याच कोणाचे तरी पत्र पडून आहे, ही टोचणी त्यानंतर थोडी कमी झाली.

आता लिहिता लिहिता त्या सल्लागारांवरचा राग बराच ओसरला आहे. त्यांच्यासमोर दिवसाला वीस मुले बसत असतील आणि प्रत्येकाचे पत्र वेळेत पाठवायचे असेल. बहुधा भीतीपोटीच ते सगळ्यांना एका साच्यात घालत असतील. मुलांची स्थिती मात्र मला पाहवत नाही. ज्या गोष्टीवर ती फोनवर अर्धा तास न थांबता बोलतात, तीच लिहायची वेळ आली की ती शरमून गप्प होतात, कारण कोणीतरी मोठ्या माणसाने त्यांना सांगितलेले असते की कुतूहल हे कारण होऊ शकत नाही.

दुपारी भाचीला पुन्हा फोन केला आणि एवढेच म्हटले, “मला जे सांगितलंस ना, तेच लिही. भाषा नंतर बघू.” ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, “आणि सर रागावले तर?” मी म्हटले, “पत्राखाली नाव तुझं आहे.”

थोड्या वेळापूर्वी तिचा नवा मजकूर आला. तो वाळूपासून सुरू होतो. वाळू ओतल्याचे वर्ष तिने घाईत २०१२ लिहिले होते, ते मी २०११ केले. बाकी कशालाही हात लावला नाही.