जास्तीच्या कामाला गुण नकोत, नोंद हवी

आठवड्याला सत्तर तास काम करावं, असं इन्फोसिसचे नारायण मूर्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये म्हणाले. जानेवारी २०२५ मध्ये एल अँड टीचे एस. एन. सुब्रह्मण्यन यांनी आकडा नव्वदवर नेला. इकडे हॅम्बुर्गमध्ये बसून हा वाद वाचताना सारखं वाटतं, की मोजायला घेतलेलं मापच चुकलंय.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीच्या पुरात चिपळूणचं एसटी आगार बुडालं, तेव्हा आगार व्यवस्थापक रोकड घेऊन बसच्या टपावर तासन्‌तास थांबले. रोकड सांभाळणं हे कामच, पण त्यासाठी जीव धोक्यात घाला असं कोण सांगणार? ते तासांत बसवायचं कसं?

डेनिस ऑर्गन या अभ्यासकाने १९८८ साली अशा वागण्याची व्याख्या केली: स्वतःहून केलेलं, बक्षिसाच्या ठरलेल्या पद्धतीत थेट न धरलेलं, तरी एकूण संस्थेच्या भल्याचं. सहकाऱ्याला मदत, कुरकूर न करणं, दुसऱ्याची अडचण आधीच ओळखणं, असं सगळं त्यात येतं. १९९७ मध्ये त्यांनीच बक्षिसाची अट सैल केली, कारण वरिष्ठ या गोष्टी मनात धरूनच शेरे देतात. माझ्या मते खरी गोम इथेच आहे.

माझा भाचा लोट्याच्या एमआयडीसीत आहे. त्याच्या मूल्यमापनात आता ‘कामापलीकडचं योगदान’ असा रकाना आलाय, गुणांसकट. लगेच गणपतीत सुट्टी न घेणारा पुढे गेला. नव्या पोरांना मशीन शिकवणाऱ्या बाईंना मात्र काहीच नाही. त्या ‘करतातच’ म्हणे. हाइलमन आणि चेन या संशोधकांनी २००५ मध्ये नेमकं हेच दाखवलं: मदत केली की पुरुषाचं कौतुक होतं, नाही केली तर बाईला दोष लागतो. गुण आले की स्वेच्छा संपते, हे मला सहन होत नाही.

जर्मनीत कामाचा दिवस आठ तासांचा, सरासरी सांभाळून फार तर दहाचा. नोकरी सोडताना कामाबरोबर वागणुकीचंही लेखी प्रमाणपत्र मागायचा कायद्याने हक्क आहे. तेही निर्दोष नाही. स्तुतीची वाक्यं इतकी साचेबंद झालीत, की एखादं ‘सदैव’ गळलं तरी वाचणाऱ्याच्या नजरेत माणसाची पत उतरते. पण जास्तीचे तास दाखवून सहसा मोठं होता येत नाही, हे मला इथलं फार मोलाचं वाटतं.

म्हणून आपल्याकडे एवढं तरी व्हावं. कोणी कोणाला कधी मदत केली, हे सहकाऱ्यांनीच दोन ओळींत लिहावं, प्रसंगासह. पगारवाढ त्यावर ठरू नये. जे दर आठवड्याला प्रत्येकाकडून हवंच आहे, ते सरळ नेमून द्या आणि त्याचे पैसे द्या. पोरांना शिकवणाऱ्या त्या बाईंपासून सुरुवात करा. आणि गणपतीची सुट्टी त्या रकान्यातून आधी बाहेर काढा.