टाकी एक हजार शहाऐंशीची

आमच्या मनीषनगरच्या सोसायटीत सेक्रेटरी व्हायला कोणी तयार नसतं. मे महिन्याची सभा, पार्किंगमध्ये एकच कूलर, त्याची हवा लागावी म्हणून मी खुर्ची जराशी पुढे सरकवली आणि अध्यक्ष काकांना वाटलं की हा उमेदवारीसाठी पुढे आला. "तू कॉम्प्युटरवाला आहेस न रे भाऊ, मंग झालं तर," म्हणून त्यांनी टाळ्याच वाजवल्या. लोकांनीही वाजवल्या, आपण सुटलो या आनंदात.

जुनी इतिवृत्तं मिळाली ती पेनड्राइव्हमध्ये, कुठल्यातरी जुन्या टायपिंग फॉन्टमधली. माझ्या लॅपटॉपवर तो फॉन्ट नाही, त्यामुळे उघडलं की नुसता इंग्रजी अक्षरांचा कचरा. सोसायटीचा दहा वर्षांचा इतिहास, आणि त्यातला एक शब्द वाचता येईल तर शपथ. तेव्हाच ठरवलं, आता जे लिहायचं ते साध्या टेक्स्ट फाइलमध्ये, युनिकोडमध्ये, मार्कडाउन वापरून. ऑफिसात मी दिवसभर तेच करतो, सॉफ्टवेअरची मॅन्युअलं लिहितो, मला काय अवघड.

मार्कडाउन म्हणजे फार काही नाही. २००४ साली जॉन ग्रुबर या माणसानं काढलं, आरन स्वार्ट्झची मदत होती. कल्पना अशी की लोक ईमेलमध्ये जसं लिहितात, शब्दाभोवती चांदण्या (*) टाकून जोर द्यायचा, डॅश मारून यादी करायची, तसंच लिहायचं आणि मग प्रोग्राम त्याचं वेब पान करून देतो. पण मुद्दा हा की पान नाही केलं तरी मूळ फाइल माणसाला वाचता आली पाहिजे. हे वाक्य मी ऑफिसात नवीन पोरांना किती वेळा ऐकवलं असेन, अर्थ मात्र मला जून उजाडल्यावर कळला.

पहिला घोळ हजेरीचा. चोवीस नावं एकाखाली एक लिहिली, प्रिव्ह्यू उघडला तर सगळी एका रांगेत, लोकलमध्ये कोंबल्यासारखी, कारण एकदा एंटर मारला तर मार्कडाउन त्याला स्पेस समजतं. बरं, आकडे टाकू म्हटलं तर मी मराठीत "१." लिहिलं आणि यादी होते फक्त इंग्रजी आकड्यांची. आपला एक त्याच्या खिजगणतीतच नाही. मग राहिला जुना उपाय, प्रत्येक ओळीच्या शेवटी दोन स्पेस. दोन स्पेस! न दिसणाऱ्या! चोवीस ओळींना अठ्ठेचाळीस स्पेस दिल्या, सेव्ह केलं, प्रिव्ह्यू पाहिला, पुन्हा रांग. पुन्हा दिल्या, पुन्हा रांग. रात्री अकराला बायको म्हणाली, "काऊन स्पेसबारच बडवून राहिले तुम्ही?" तेव्हा आठवलं की ओळीच्या शेवटच्या फालतू स्पेस सेव्ह करताना उडवायच्या ही सेटिंग एडिटरला मीच लावली होती, दोन वर्षांपूर्वी, फाइल स्वच्छ राहावी म्हणून.

चहाचं तर सोडाच. शेवटी "सभेनंतर चहा व तर्री पोहे झाले" लिहून खाली रेघ म्हणून तीन डॅश मारले, मध्ये रिकामी ओळ सोडायची राहिली, म्हणून ती ओळच हेडिंग झाली. पानावर सगळ्यात मोठ्या अक्षरात तर्री पोहे. खरं तर सभेचा सारांश तोच होता.

पण खरा राडा टाकीचा. वरची टाकी नवीन बांधायची, माप १०*८*६ फूट. मी तसंच लिहिलं. दोन चांदण्यांच्या मधलं ते तिरपं, हा नियम, आणि आकड्यांना चिकटून असल्या तरी तो लागतोच. चांदण्या गायब, आठ जरासा कललेला, आणि नोटीस बोर्डावर छापून लागलं, "टाकीचा आकार १०८६ फूट."

सकाळी साडेसातला बेल. काका दारात, चष्मा कपाळावर.

"एक हजार शहाऐंशी फुटाची टाकी कुठं बांधून राहिला रे तू?"

"काका, ते दहा बाय आठ बाय सहा आहे."

"मंग तसं लिही न बापा. बी विंगवाले म्हणून राहिले का पैसे खाल्ले."

बी विंगचा तर आधीच राग होता, कारण ठळक करायला **"बी विंग"**ला असं लिहिलं की मार्कडाउन गडबडतं. मराठीत शब्दाला प्रत्यय चिकटणारच, पण अवतरणचिन्हानंतर चांदण्या आणि लगेच अक्षर आलं की त्याला वाटतं या चांदण्या बंद करणाऱ्या नव्हेतच. म्हणून ए विंग ठळक आणि बी विंग चांदण्यांसकट उघडी. त्यांना त्यात राजकारण दिसलं.

म्हटलं नीट पीडीएफच काढू. पॅनडॉकला, म्हणजे फाइलचं पीडीएफ करून देणाऱ्या प्रोग्रामला, देवनागरी फॉन्ट सांगायचा विसरलो तर पान कोरं, फक्त कंस, स्वल्पविराम आणि मधूनमधून टिंबं. काका म्हणाले, "हे बी विंगले दे."

तेवढ्यात त्यांची नजर लॅपटॉपवर उघड्या मूळ फाइलवर गेली. नोटपॅड, काळी अक्षरं. नाव एकाखाली एक. टाकी १०*८*६. त्यांनी चष्मा खाली घेतला, बोट ठेवून पूर्ण वाचलं.

"हे तं बराबर आहे. हेच काऊन नाही लावलं?"

"काका, हे कच्चं आहे."

"वाचता येऊन राहिलं न?"

काय बोलणार. तेच छापलं, चांदण्यांसकट. जाता जाता विचारलंच त्यांनी, "हे तारे कायचे?" मी म्हटलं, महत्त्वाच्या गोष्टीला दोन्हीकडून दोन-दोन देतात.

परवा ऑफिसातून आलो तर गेटवर खोक्याचा पुठ्ठा बांधलेला, त्यावर काकांच्या अक्षरात, जाड मार्करनं: **गेटसमोर गाडी लावू नये**. गाडीवर बसल्या बसल्या मनातल्या मनात प्रिव्ह्यू करून पाहिला. ठळक आलं. बी विंगची एक ॲक्टिव्हा तिथेच उभी होती.