सोबतीचा भाग राहून गेला

वारंवार अ‍ॅम्फेटामिन हे उत्तेजक, नशा आणणारं औषध दिल्यावर मेंदूतलं डोपामिन या ओढ लावणाऱ्या रसायनाचं गणित कसं बिघडतं, ते तुमच्या लेखात छान उलगडलंय. पण प्राण्यांच्या आपसातल्या वागण्याचा भाग दोन ओळींत उरकलात, त्याची रुखरुख लागली.

प्रेअरी व्होल हा उंदरासारखा छोटा प्राणी जोडी जमवून राहतो, जोडीदाराला अगदी बिलगून बसतो. नराला सलग ३ दिवस अ‍ॅम्फेटामिन दिलं की ओळखीची मादी आणि परकी मादी त्याला सारखीच! न्यूक्लियस अ‍ॅक्युंबन्स या मेंदूतल्या बक्षिसाची ओढ जागवणाऱ्या भागात डी१ रिसेप्टर (पेशींवरचे डोपामिन टिपणारे रेणू) वाढतात आणि ते जोडी जमण्याच्या आड येतात. म्हणजे सोबत्याची ओढ जिथे तयार होते, नेमक्या त्याच जागेचा ताबा नशा घेते. मला तर वाचताना चटका लागला. अ‍ॅम्फेटामिनने ओढ हरवलेल्या माद्यांना मेंदूच्या पुढच्या भागात ऑक्सिटोसिन (जवळीक वाढवणारं संप्रेरक) दिल्यावर मात्र ही ओढ परतली.

२०१८ मधला प्रयोगही हवा होता. मेथॅम्फेटामिनची (अ‍ॅम्फेटामिनचाच जास्त तीव्र भाऊबंद) चटक लागलेल्या उंदरांपुढे दाबायच्या दोन कळा, एक नशेची, एक दुसऱ्या उंदराच्या भेटीची. त्यांनी भेटच निवडली. ती भेट उशिरा मिळू लागली किंवा तिच्यासोबत शॉक दिला, की मग ते पुन्हा नशेकडे वळत.