ते भूत नाही, खोकड आहे

सकाळपासून गावच्या ग्रुपवर एक व्हिडिओ फिरतोय. माळावर भर दुपारी एक काटकुळं जनावर उभं, अंगावर केस नाहीत, डोळे चिपडांनी मिटत आलेले, शेपटीची नुसती दोरी, आणि बाईकवरची पोरं हाहा करत त्याच्या मागं. खाली मेसेज, ‘विचित्र प्राणी, पिसाळलेला आहे, लहान मुलं सांभाळा.’ एकानं तर भूत लिहिलंय.

अरे बाबांनो, खोकड आहे ते, कोल्ह्यासारखं पण त्याच्याहून लहान रानजनावर! सुपे-मोरगावच्या माळावर बोरांच्या दिवसात पहाटे दिसतं ना, तेच. लूत लागलीय त्याला.

लूत म्हणजे काय, तर सारकॉप्टीस नावाची आठ पायांची माईट, म्हणजे बारीक किडा, डोळ्याला दिसेल न दिसेल एवढा. मादी कातडीत बोगदा खणत जाते आणि त्यातच अंडी घालत जाते, दोन-तीन आठवड्यांत पुढची फौज तयार. जनावर खाणं-झोप सोडून खाजवत बसतं, कातडीच्या खपल्या होतात, जखमा चिघळतात, शिकार जमत नाही, थंडी सोसत नाही, म्हणून ते दिवसाढवळ्या वस्तीजवळ येतं. आता पिसाळलंय की नाही हे व्हिडिओ बघून मलाही छातीठोक सांगता येणार नाही, मान्य. लांब राहा ना मग, बाईकनं दमवून मारायला कोणी सांगितलं?

आमच्या वस्तीवर काळी नावाची कुत्री होती, तिलाही लूत. काळी नावालाच, कारण अंगावर केसच उरला नव्हता. कुणीतरी म्हणालं जळकं ऑइल ओता, आणि एका शहाण्यानं ओतलंसुद्धा. कुत्रं ते चाटतं, विष पोटात जातं, आधीच सोललेली कातडी आणखी भाजते, पण आपल्याकडं औषध म्हटलं की हेच. शेवटी काकूनं हट्ट धरला, जनावरांचे डॉक्टर आले, आयव्हरमेक्टिनची इंजेक्शनं दिली. ज्या शोधातून हे औषध आलं त्याला २०१५ चं नोबेल मिळालंय, आणि आपण गॅरेजमधून ऑइल आणतोय! (स्वतः आणून टोचू नका मात्र, कोली जातीच्या कुत्र्यांच्या तर ते जिवावर बेतू शकतं.) काळीला केस आले, आणि थोड्या दिवसांत ती परत खाजवायला लागली. कारण बाकीची कुत्री तशीच होती. मग सगळ्यांना एकदम औषध दिलं तेव्हा कुठं थांबलं.

खोकडाला कोण देणार हे औषध? रानातल्या जनावराला डोस मोजून, ठरल्या दिवशी परत गाठून देणं सोपं नाही, हे डॉक्टरही सांगतात आणि ते बरोबरच आहे. त्यात खोकडं बिळात राहतात, थंड ओल्या बिळात माईट जनावराच्या अंगाबाहेरही काही दिवस तग धरते. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात १९९४ मध्ये तिथल्या कोल्ह्यांत (रेड फॉक्स, खोकडाचेच भाऊबंद) ही साथ आली, दोन-एक वर्षांत नव्वद टक्क्यांहून जास्त कोल्हे संपले. तिथं कोल्ह्यांची दाटी होती, आपलं खोकड विरळ, ठीक आहे. पण विरळ आहे म्हणजे जातील ती भरून कुठून येणार?

खरं दुखणं माळाच्या कडेला पडलंय. पोल्ट्रीतली मेलेली कोंबडी, चिकनवाल्याची घाण, ढाब्यांचं उष्टं, सगळं रात्री नेऊन माळावर ओततात. कुत्र्यांची झुंड तिथं, खोकड तिथं, लूत इकडून तिकडं जायला अजून काय पाहिजे? आमची काळीसुद्धा त्याच ढिगावर जायची. लूत जंगलात आधीपासून आहे, कुत्र्यांनीच आणली असं नाही, हे कुणीतरी कमेंटमध्ये लिहिणारच, लिहा. पण ढीग तर आपणच घातलाय ना? आणि ‘कुत्री मारून टाका’वाल्यांनी इथं फिरकूच नका. काळी त्यातलीच एक होती.

असो, तापून लिहितोय. त्या पोरांतली दोन माझ्या ओळखीची आहेत, वाईट नाहीत, त्यांना कोणी सांगितलंच नाही.

वन विभागाची हेल्पलाइन १९२६ आहे. मी फोन केला, त्यांनी पहिला प्रश्न विचारला, जागा कुठली? ज्यानं व्हिडिओ काढलाय त्यानं मला इनबॉक्समध्ये कळवा. ग्रुपवर लोकेशन टाकू नका, उद्या आणखी दहा बाईक जातील.